धमन्यांचा ताठरपणा आणि धमन्यांतले चरबीचे थर: कोल्हापूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हल्ली तपासणीच्या पॅकेजमध्ये रक्त-लघवीच्या रिपोर्टांबरोबर एक नवा कागद मिळतो. त्यावर 'पल्स वेव्ह व्हेलॉसिटी' असं लिहिलेलं असतं आणि खाली लाल अक्षरांत 'तुमच्या धमन्यांचं वय 64' असं छापलेलं असतं. माणूस असतो 52 वर्षांचा. मग घरात घबराट होते: ब्लॉकेज आहे का, अँजिओग्राफी करायची का, बायपास लागणार का? दुसऱ्या बाजूला असे लोक आहेत, ज्यांचा वरचा बीपी कित्येक वर्षं 170 आहे आणि 'वयाप्रमाणे वाढतोच की' म्हणून त्यांनी तो सोडून दिलाय. मी कोल्हापुरात फिजिशियन आहे. पहिल्या गटाची भीती कमी व्हावी आणि दुसऱ्या गटानं जरा घाबरावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे. ओपीडीत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे घेतले आहेत.

धमनी ताठ झाली म्हणजे ब्लॉकेज झालं, असंच ना?

नाही. खालची निम्मी उत्तरं याच फरकावर उभी आहेत.

धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. रक्ताला लागून असलेला आतला पातळ थर, मधला जाड थर आणि बाहेरचं आवरण. मधल्या थरात ताणून परत मूळ जागी येणारे तंतू आणि स्नायूपेशी असतात. कोलेस्टेरॉल साठण्याचा आजार, म्हणजे ॲथेरोस्क्लेरोसिस, हा आतल्या थराचा आजार आहे. तो तुकड्यातुकड्यांत होतो. एका ठिकाणी थर साठलेला, मग बोटभर जागा चांगली, पुढे फाटा फुटतो तिथे पुन्हा थर. ताठरपणा मुख्यतः मधल्या थराचा. तो महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या, लांबच्या लांब भागात पसरतो आणि त्यानं नळी अरुंद होत नाही. उलट म्हातारपणी महाधमनी रुंदावते.

मेडिकल कॉलेजच्या पॅथॉलॉजी विभागात काचेच्या बरणीत उभी चिरून उघडलेली महाधमनी ठेवलेली असते. तिच्या आतल्या बाजूला, जिथून लहान फाटे निघतात त्या छिद्रांच्या कडेला, पिवळट उंचवटे दिसतात. ते ॲथेरोस्क्लेरोसिसचे थर. ताठरपणा असा डोळ्यांना दिसत नाही, तो हाताला कळतो. तरुण माणसाची महाधमनी कापली की लगेच आखडते, म्हाताऱ्या माणसाची जवळजवळ आहे तेवढीच राहते.

मग धमनी ताठ होते तरी कशानं?

मधल्या थरातले लवचिक तंतू इलॅस्टिनचे असतात. हे इलॅस्टिन बाळ पोटात असताना आणि नंतरच्या लहान वयातच तयार होतं. पुढे शरीर ते जवळजवळ बनवतच नाही, त्यामुळे लहानपणी मिळालेली शिदोरी आयुष्यभर पुरवायची असते. हृदय दिवसाला साधारण 1 लाख ठोके देतं, म्हणजे तिशी गाठेपर्यंत 100 कोटींच्या वर. तरुणपणी छातीतली महाधमनी प्रत्येक ठोक्याला सुमारे 10 टक्के ताणली जाते, हातापायांच्या धमन्या मात्र 2-3 टक्केच. म्हणून झीज महाधमनीत होते आणि दंडातली धमनी सत्तरीतही बरीचशी तशीच राहते. तंतू तुटत गेले की ताण कोलॅजनवर, म्हणजे भिंतीतल्या दुसऱ्या, चिवट तंतूंवर, येतो आणि कोलॅजन मुळातच फारसं ताणलं जात नाही.

ही झाली वयाची बाजू. वाढलेला रक्तदाब ही झीज वेगानं करतो. मधुमेहात साखर कोलॅजनच्या धाग्यांना चिकटून त्यांना एकमेकांत बांधून टाकते. किडनीच्या आजारात मधल्या थरात कॅल्शियम बसतं. आणि मीठ. त्याबद्दल पुढे सविस्तर.

चरबीचे थर कसे साठतात?

रक्तातले एलडीएलचे, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलचे, कण आतल्या थराखाली शिरतात, तिथे अडकतात आणि बिघडतात. त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी येतात, चरबीनं फुगतात आणि तिथेच मरतात. त्याभोवती सूज राहते, वर तंतूंची टोपी तयार होते. ही टोपी पातळ असेल आणि फाटली, तर त्यावर रक्ताची गुठळी जमते. हार्ट ॲटॅक बहुतेक वेळा असाच येतो. कित्येकदा अशा जागी, जी आदल्या दिवशीपर्यंत फारशी अरुंदही नव्हती.

जागा ठरलेल्या असतात: मानेत कॅरोटिड धमनी दुभंगते तिथे, हृदयाच्या धमन्यांच्या सुरुवातीला, पोटातल्या महाधमनीत, मांडीच्या धमन्यांत. जिथे फाटा फुटतो तिथे रक्ताचा प्रवाह मंद आणि उलटसुलट होतो आणि आतलं अस्तर कमजोर पडतं.

सुरुवात म्हातारपणी होते हा समज चुकीचा आहे. कोरियाच्या युद्धात मेलेल्या 300 अमेरिकन सैनिकांची हृदयं तपासली गेली आणि निष्कर्ष 1953 मध्ये छापून आले. सरासरी वय होतं 22. चारांपैकी तिघांच्या हृदयाच्या धमन्यांत आजाराच्या खुणा होत्या. आपल्याकडे तर घाई जास्तच. 2004 च्या 'इंटरहार्ट' या 52 देशांच्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट ॲटॅक इतरांपेक्षा काही वर्षं आधी, त्यातल्या निम्म्यांना तर वयाच्या 53 पर्यंतच, येत असल्याचं दिसलं.

या दोन आजारांचा एकमेकांशी संबंध काय? आधी कोण, नंतर कोण?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे. डॉक्टरांमध्येही यावर बराच काळ वाद चाललाय.

एका बाजूचा पुरावा असा. नेदरलँडमधल्या रॉटरडॅम अभ्यासात 60 वर्षांवरच्या 3000 हून अधिक लोकांची महाधमनी किती ताठ आहे ते मोजलं आणि त्याच लोकांच्या मानेच्या धमन्यांत आणि महाधमनीत थर किती आहेत तेही पाहिलं. 2001 मध्ये निष्कर्ष आले: ज्यांची धमनी जास्त ताठ, त्यांच्यात थरही जास्त. वय आणि रक्तदाब हिशेबात धरूनही हा संबंध टिकला. यावरून अनेकांनी म्हटलं की ताठरपणा हे ॲथेरोस्क्लेरोसिसचंच एक रूप आहे.

आता दुसरी बाजू. 2009 मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी तोवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. थर कशानं साठतात हे आपल्याला माहीत आहे: वाढलेलं कोलेस्टेरॉल, सिगारेट, मधुमेह. ताठरपणा हे त्याच आजाराचं रूप असेल, तर या गोष्टींशी त्याचंही घट्ट नातं दिसायला हवं. तसं दिसलं नाही. वय आणि रक्तदाब या दोघांशी नातं पक्कं, मधुमेहाशी थोडंसं, आणि कोलेस्टेरॉल व सिगारेटशी बहुतेक अभ्यासांत काहीच नाही.

मला सगळ्यात पटलेला पुरावा मात्र त्याआधीचा आहे, चीनमधला. 1980 च्या दशकात बीजिंग शहर आणि ग्वांगडाँगमधली खेडी अशा दोन ठिकाणच्या लोकांची तुलना झाली. त्या काळात दोन्हीकडे कोलेस्टेरॉल कमी आणि ॲथेरोस्क्लेरोसिस कमी. तरीही दोन्हीकडे वयाबरोबर धमन्या ताठ होत गेल्या, आणि बीजिंगमध्ये, जिथे लोक मीठ जास्त खात आणि रक्तदाब जास्त होता, तिथे ताठरपणा खूप वेगानं वाढला. चरबीचे थर नसतानाही धमनी ताठ होते, हे यावरून स्वच्छ दिसतं.

मग रॉटरडॅमचं काय? माझ्या मते दोन्ही खरं आहे. आजार दोन आहेत, पण ते एकाच भिंतीत शेजारी राहतात आणि एकमेकांना हातभार लावतात. धमनी ताठ असली की प्रत्येक ठोक्याला दाबाची उसळी मोठी बसते, आतल्या अस्तराला जास्त ताण सोसावा लागतो, त्याच्या पेशींमधल्या फटी रुंदावतात आणि एलडीएल व पांढऱ्या पेशींना आत शिरणं सोपं जातं. उलट दिशेनंही घडतं: थर असलेल्या जागी सूज असते, सुजेतून येणारी रसायनं मधल्या थरातलं इलॅस्टिन तोडतात. आजारी अस्तर नायट्रिक ऑक्साइड कमी बनवतं, त्यामुळे स्नायू सैल होत नाहीत. आजार फार पुढे गेला की थरांमध्ये कॅल्शियम बसतं आणि ती जागाच कडक होते. साठीनंतरच्या लोकांत दोन्ही एकत्र सापडतात, त्याचं हे कारण.

व्यवहारात याचा अर्थ एवढाच की एकाच्या रिपोर्टवरून दुसऱ्याबद्दल निश्चिंत होऊ नका. कोलेस्टेरॉल चांगलं असेल म्हणून बीपीकडे दुर्लक्ष नको, आणि बीपी चांगला म्हणून एलडीएल बघायचं राहू नये.

रक्तदाबामुळे धमनी ताठ होते, की धमनी ताठ झाल्यामुळे रक्तदाब वाढतो?

दोन्ही. पण अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम अभ्यासातून 2012 मध्ये आलेला निष्कर्ष अनेकांना धक्का देऊन गेला. सुमारे 7 वर्षांच्या अंतरानं दोनदा मोजमाप केलं तेव्हा दिसलं की सुरुवातीला ज्यांची महाधमनी ताठ होती, त्यांना पुढे रक्तदाबाचा आजार जास्त झाला. सुरुवातीचा रक्तदाब जास्त असल्यानं पुढे ताठरपणा वाढला, असं मात्र त्यात दिसलं नाही. म्हणजे मध्यम वयानंतर ताठरपणा बऱ्याचदा आधी येतो.

आबांचा बीपी 170/70 आहे. खालचा तर छान आहे. गोळी कशाला?

हा प्रश्न मुलं विचारतात आणि आबा मान डोलावतात. त्या वेळी मला हात जोडून सांगावंसं वाटतं की खालचा 70 आहे हीच काळजीची गोष्ट आहे.

पन्नाशीपर्यंत वरचा आणि खालचा दोन्ही आकडे हळूहळू वाढतात. त्यानंतर वरचा वाढत राहतो आणि खालचा उतरायला लागतो. महाधमनी लवचिक असेल तर हृदयानं ढकललेलं काही रक्त ती फुगून स्वतःत साठवते आणि दोन ठोक्यांच्या मधे पुढे देते. त्यामुळे वरचा दाब फार चढत नाही आणि खालचा फार पडत नाही. ताठ महाधमनी साठवू शकत नाही, म्हणून वरचा आकडा उसळतो आणि खालचा कोसळतो. 118/78 मध्ये फरक 40 चा, 170/70 मध्ये 100 चा. साठीनंतर या फरकाकडे बघायला शिका. 60 च्या वर गेला की धमन्या ताठ झाल्याचं ते लक्षण धरतात, आणि त्यासाठी कुठलंही महागडं मशीन लागत नाही.

वयाप्रमाणे वाढतोच, हे खरं. पण म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. 1991 मध्ये अमेरिकेतला एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात फक्त वरचा बीपी वाढलेल्या, 60 वर्षांवरच्या लोकांना स्वस्तातली, लघवी वाढवणारी गोळी देऊन सुरुवात केली होती. लकव्याचं प्रमाण 36 टक्क्यांनी कमी झालं. घरातल्या कर्त्या माणसाला लकवा झाला की पुढची वर्षं त्या घराची काय होतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हा आकडा समजावून सांगावा लागत नाही.

एक काळजी घ्यायची: अशा माणसांना गोळी कमी मात्रेत सुरू करतात आणि उभं राहिल्यावरचाही बीपी बघतात. उठताना चक्कर येत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा, गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नका.

ताठ धमनीनं शरीराचं नुकसान कसं होतं?

1733 मध्ये स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्यानं धमन्यांची तुलना त्या काळच्या आग विझवायच्या बंबाशी केली. हातानं दांडा मारला की पाणी हिसक्यानं येतं, पण मधे हवेची पेटी असल्यामुळे नळीतून धार सलग पडते. महाधमनी ही ती पेटी. ती निकामी झाली की हिसके थेट पुढे पोचतात. मेंदू आणि किडनी या दोन अवयवांना रक्त मुबलक लागतं आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांचा विरोध कमी असतो, त्यामुळे हे हिसके त्यांच्या केसाएवढ्या बारीक वाहिन्यांपर्यंत जातात. किडनीतून प्रथिन गळायला लागणं, मेंदूत बारीक इजा साठत जाऊन विसराळूपणा वाढणं, यामागे हेही एक कारण असतं.

हृदयाला दुहेरी मार बसतो. ताठ नळीत ढकलताना जोर जास्त लागतो, म्हणून डाव्या कप्प्याची भिंत जाड होते. आणि हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधे मिळतं, नेमका तेव्हाचाच दाब कोसळलेला असतो. गरज वाढली, पुरवठा घटला. त्यात हृदयाच्या धमनीत चरबीचा थर असेल तर? या दोन आजारांची गाठ पडणं घातक ठरतं ते इथे.

अँजिओग्राफी नॉर्मल आली. मग धमन्या चांगल्या आहेत ना?

अँजिओग्राफीत नळीच्या आतली जागा दिसते, भिंत दिसत नाही. अरुंदपणा नाही एवढंच त्यातून कळतं, आणि ती चांगलीच बातमी आहे. भिंत ताठ आहे का, आतल्या थरात थोडी चरबी साठली आहे का, हे त्या फिल्मवर कळत नाही.

पल्स वेव्ह व्हेलॉसिटी म्हणजे काय मोजतात?

हृदयानं रक्त ढकललं की दाबाची एक लाट धमनीच्या भिंतीतून पुढे धावते. आपण मनगटावर जी नाडी बघतो ती हीच लाट. रक्त स्वतः महाधमनीत सेकंदाला सरासरी वीस-तीस सेंटिमीटर एवढंच सरकतं, पण लाट सेकंदाला 5 मीटर, 10 मीटर अशी पळते. भिंत जितकी ताठ, तितकी लाट वेगवान. हे गणित 1878 मध्ये मोएन्स आणि कोर्टेवेग या डच संशोधकांनी मांडलं.

मोजायची पद्धत सोपी आहे. मानेवर एक सेन्सर, जांघेत दुसरा. लाट दोन्ही ठिकाणी किती सेकंदांच्या फरकानं पोचली ते मशीन बघतं आणि अंतराला वेळेनं भागतं. तरुण निरोगी माणसात साधारण 5 ते 7 मीटर प्रति सेकंद येतं. 10 च्या वर गेलं तर धोका वाढलेला धरतात. 2010 मध्ये 17 अभ्यासांतल्या 15,877 लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हा वेग दर 1 मीटरनं वाढला की हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारांचा धोका सुमारे 14 टक्क्यांनी वाढतो असं दिसलं.

आपल्याकडच्या पॅकेजमध्ये बहुधा दुसरी पद्धत असते: दोन्ही दंडांना आणि दोन्ही घोट्यांना पट्टे. तिचे आकडे सेंटिमीटरमध्ये येतात, 1450, 1700 असे. या पद्धतीत पायाच्या धमन्याही मोजल्या जातात, त्यामुळे आकडा मोठाच येतो. जपानमध्ये 1800 च्या वर गेलं तर जास्त धोका धरतात. तेव्हा 1450 म्हणजे 14.5 मीटर, म्हणजे 10 पेक्षा जास्त, असा हिशेब घालून झोप उडवून घेऊ नका. दोन पद्धतींचे आकडे असे एकमेकांसमोर ठेवता येत नाहीत.

'धमन्यांचं वय 64' लिहून आलंय. आता काय?

तपासणीच्या वेळी तुमचा बीपी किती होता ते आधी बघा. दाब जास्त असताना भिंत ताणलेली असते आणि लाट वेगानंच पळते. धावतपळत जिना चढून, चहा पिऊन, रिकाम्या पोटी चिडचिडत केलेल्या तपासणीचा आकडा धरून चालू नका. मग बीपी, साखर, एलडीएल आणि किडनीसाठी क्रिएटिनिन बघा. त्यात दोष असेल तर तो सुधारा. तो आकडा नसता तरी हेच करायचं होतं. फक्त या आकड्यासाठी अँजिओग्राफी करायची गरज नाही. बोटाला चिमटा लावून किंवा घड्याळावरून 'वय' सांगणाऱ्या यंत्रांवर तर कुठलाच निर्णय घेऊ नये.

काकूंना 15 वर्षांचा डायबेटिस आहे. पायाच्या एक्सरेत शिरा दिसतात म्हणाले. हे काय?

साध्या एक्सरेत रक्तवाहिनी दिसायला नको. दिसली, तर तिच्या भिंतीत कॅल्शियम बसलंय. पावलाच्या हाडांमधून दोन समांतर पांढऱ्या रेघा जाताना दिसतात, त्या धमनीच्या दोन भिंती. हे कॅल्शियम मधल्या थरातलं. 1903 मध्ये मॉन्केबर्ग या जर्मन पॅथॉलॉजिस्टनं त्याचं वर्णन केलं. ताठरपणा आणि चरबीचे थर या वेगळ्या गोष्टी असतात हे दाखवणारा इतका स्पष्ट पुरावा दुसरा नाही: भिंत कडक, पण आतली वाट मोकळीही असू शकते.

यात एक फसगत होते. पायाला रक्त पुरतं का हे बघायला घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबानं भागतात. 0.9 च्या खाली आलं तर पायाच्या धमनीत अडथळा. पण भिंत कडक असेल तर पट्टा फुगवूनही धमनी दबत नाही आणि आकडा 1.4 च्या वर, खोटाच 'उत्तम' येतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्यातला दाब मोजावा लागतो. काकूंच्या पायाला जखम असेल आणि ती भरत नसेल, तर हे नक्की विचारा.

तांबडा-पांढरा रस्सा सोडायचा का?

सोडा म्हटलं तर कुणी सोडणार नाही, आणि तसं म्हणायची गरजही नाही. तिखटानं धमनी ताठ होत नाही. प्रश्न मिठाचा आणि चरबीचा आहे, आणि दोन्ही वेगवेगळ्या आजारांना खाद्य देतात.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा, आणि त्यात सगळंच आलं. सकाळच्या मिसळीत कट, फरसाण आणि पाव. चारला भडंग. जेवताना खर्डा, लोणचं, पापड. घरातल्या आमटीचं मीठ अजून मोजलेलंच नाही. पांढरा रस्सा वाटीवर वाटी पिताना मीठ जाणवत नाही, कारण तो सौम्य लागतो. बीपी असलेल्यांनी आठवड्याच्या मटणाच्या बेतापेक्षा रोजचं लोणचं-पापड-फरसाण आधी कमी करावं, असं मी सांगतो. फरक तिथे जास्त पडतो.

2021 मध्ये चीनमधल्या 600 खेड्यांतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मिठातला चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराइडचा असलेलं मीठ वापरलं तर लकवा 14 टक्क्यांनी कमी झाला. असं मीठ आपल्याकडेही मिळतं. पण किडनीचा आजार असेल किंवा बीपीच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील तर पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. डॉक्टरांना विचारूनच घ्या.

मटणाची चरबी, डालडा, पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल यांचा हिशेब एलडीएलच्या खात्यात जातो. रश्श्याच्या वरचा कट बाजूला काढला तरी चव राहते.

गंगावेशीतलं धारोष्ण दूध?

म्हशीच्या दुधात 6-7 टक्के चरबी, आणि तीही बहुतांश एलडीएल वाढवणारी. दिवसभर घाम गाळणाऱ्या पोराला ते पचतं. दुकानात बसून काम करणाऱ्या, एलडीएल 160 असलेल्या पन्नाशीतल्या माणसानं रोज मोठा ग्लास पिणं बरोबर नाही. कच्च्या दुधातून जंतूही येऊ शकतात, ते वेगळंच.

साखरेऐवजी गूळ चालतो ना?

मधुमेह असेल तर नाही. गूळ कोल्हापूरचा असला तरी त्यात बहुतांश साखरच असते आणि रक्तात गेल्यावर ती साखरेसारखीच वागते.

मुलगा तालमीत जातो. जोर-बैठका, वजनं मारून धमन्या ताठ होतात असं वाचलं. खरं आहे का?

शाहू महाराजांच्या आणि खासबागच्या गावात हा प्रश्न येणारच. 2004 मध्ये जपानी संशोधकांनी निरोगी तरुणांना चार महिने जड वजनांचा व्यायाम करायला लावला. त्यांच्या मानेच्या धमनीची लवचिकता कमी झाली. व्यायाम थांबवल्यावर ती परत आली. नंतरच्या अनेक अभ्यासांत मात्र असा परिणाम दिसला नाही, आणि पळणं, पोहणं, सायकल यांनी धमन्या लवचिक राहतात हे सगळीकडे दिसतं. कुस्तीत नुसतं वजन नसतं. पळणं असतं, लढती असतात, दम लागतो. तालमीबद्दल भीती बाळगू नका.

मला काळजी वाटते ती तालीम सुटलेल्या पैलवानांची. व्यायाम विशी-तिशीत थांबतो, खुराक चालूच राहतो. बदाम, तूप, दूध, मटण तेवढंच, वजन वाढत जातं, आणि 'मी पैलवान आहे, मला काय होतंय' या विश्वासावर बीपी कधी मोजलाच जात नाही. त्यांनी रोज अर्धा तास रंकाळ्यावर भरभर चालावं. आठवड्याला 150 मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढ्या वेगानं.

सिगारेट नाही, फक्त मावा खातो. चालेल?

नाही. निकोटिन तोंडातूनही रक्तात जातं, नाडी आणि दाब वाढवतं. तोंडाचा कॅन्सर हा तर मोठा धोका आहेच. सिगारेट ओढणाऱ्यांच्या धमन्यांत चरबीचे थर फाटून गुठळी होण्याचं प्रमाण खूप जास्त असतं. आणि सोडल्यावर धोका उतरतो, कुठल्याही वयात.

मावशी म्हणतात, बायकांना हे आजार होत नाहीत.

पाळी बंद होईपर्यंत संरक्षण असतं. त्यानंतर ताठरपणा वेगानं वाढतो. म्हाताऱ्या बायकांत नुसता वरचा बीपी वाढणं पुरुषांपेक्षाही जास्त दिसतं. मावशींचाही बीपी मोजा.

गोळ्यांनी ताठरपणा आणि थर कमी होतात का?

थरांच्या बाबतीत उत्तर बरंच आशादायक आहे. स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीनं एलडीएल सुमारे 39 मिलिग्रॅमनं उतरलं तर हार्ट ॲटॅक, लकवा अशा मोठ्या घटना साधारण पाचव्या हिश्श्यानं कमी होतात. एलडीएल खूप खाली नेलं तर थर किंचित आकसतात आणि त्यांच्यावरची टोपी जाड होते, म्हणजे फाटण्याचा धोका घटतो. ज्यांना आधीच ॲटॅक येऊन गेलाय त्यांनी एलडीएल 55 च्या खाली ठेवायचं असतं. रिपोर्टवर छापलेली 'नॉर्मल' मर्यादा त्यांच्यासाठी नसते.

ताठरपणासाठी अजून नेमकी गोळी नाही. तुटलेलं इलॅस्टिन परत जोडता येत नाही. साखरेनं बांधलेले कोलॅजनचे धागे सोडवणारं एक औषध 2001 मध्ये आशा दाखवून गेलं, पण ते बाजारात आलं नाही. बीपीच्या गोळ्यांनी भिंतीवरचा ताण उतरतो आणि लाटेचा वेगही उतरतो. वरचा बीपी 5 नं कमी झाला तरी मोठ्या घटना सुमारे 10 टक्क्यांनी कमी होतात.

विनाऑपरेशन सलाईननं ब्लॉकेज विरघळवतात, अशी जाहिरात पाहिली.

त्याला चिलेशन म्हणतात. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, मधुमेह असलेल्या आणि ॲटॅक येऊन गेलेल्या लोकांना त्याचा फायदा झाला नाही. त्या पैशांत कित्येक वर्षांच्या स्टॅटिनच्या गोळ्या येतात. आणि अशा उपचारांच्या भरवशावर चालू गोळ्या बंद करणारे लोक मी पाहिले आहेत, तो सगळ्यात मोठा तोटा.

तपासणी कुठे करायची?

वय 30 झालं की बीपी आणि साखर प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट बघतात. एलडीएल एकदा तरी बघून घ्या. वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत ॲटॅक आला असेल तर विशीतच.

घरी बीपी कसा मोजावा?

दंडावरच्या पट्ट्याचं मशीन घ्या, मनगटावरचं नको. लघवीला जाऊन या. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम नको. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसा. पायावर पाय नको. दंड उघडा, पट्टा शर्टावर नाही, आणि हात टेबलावर, छातीच्या उंचीला. जाड दंडाला मोठा पट्टा लागतो, लहान पट्ट्यानं आकडा खोटा चढतो. सकाळी गोळी घेण्यापूर्वी दोनदा, मधे एक मिनिट थांबून, आणि रात्री दोनदा, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. 135/85 किंवा त्याच्या वर असेल तर बीपी वाढलेला आहे. वहीत दोन्ही आकडे लिहा, आणि साठीच्या पुढच्यांनी त्यांच्या शेजारी दोघांमधला फरकही लिहून ती वही डॉक्टरांकडे न्यावी.